ताई गेल्या, पिशवी राहिली



हा अंक हातात पडेल तेव्हा खाली भात पोटरीला आलेलं असेल, वर दळीत नाचणी-वरी उभी असेल आणि नाक्यानाक्यावर विधानसभेची पोस्टरं लागलेली असतील. त्या पोस्टरांबद्दल या संपादकीयात काही नाही. या वेळी आपल्या घरातलंच एक दुखणं लिहायचं ठरवलं आहे. ज्याला वाचता येतं त्याने चार जणांना बसवून वाचून दाखवावं. कुणाला राग आला तर बैठकीत येऊन बोलावं, मागे बोलू नये.

आपल्या ऑफिसात खिळ्याला एक खाकी पिशवी लटकलेली असायची. ती ताईंची. ताई मुंबईहून आल्या, समाजकार्याचं कॉलेज शिकून. दोन वर्षं राहिल्या. वनहक्काचा कायदा आला तसे त्यांनी वाड्या पालथ्या घातल्या, दावे भरले, म्हाताऱ्यांना बोलतं केलं, पावसात ओढा ओलांडताना पिशवी डोक्यावर धरली पण कागद भिजू दिले नाहीत. यंदाच्या फेब्रुवारीत त्यांची दोन वर्षं संपली आणि त्या गेल्या. पिशवी मात्र आपल्यासाठी ठेवून गेल्या.

मार्चमध्ये एका वाडीच्या अकरा दाव्यांवर उपविभागीय समितीचा निकाल झाला. पुरावा अपुरा, दावा अमान्य. पत्र ग्रामपंचायतीत येऊन पडलं. वाडी तेव्हा वाडीत नव्हतीच. कुणी वीटभट्टीवर, कुणी कर्नाटकात कोळसा पाडायला. घराला कुडाचं दार आणि दाराला काटकी. माणसं परत आली मे महिन्याच्या शेवटी, घरं शाकारायला. तेव्हा ते पत्र कुणीतरी आपल्या ऑफिसात आणलं. कायद्यात लिहिलंय की असा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे अपील करायचं. साठ दिवस कधीच उलटून गेले होते.

मी खिळ्यावरची पिशवी काढली. आत काय होतं सांगू? त्याच वाडीतल्या चार म्हाताऱ्यांचे जबाब. कुणाच्या बापाने कुठली जागा फोडली, कुठल्या आंब्यापासून कुठल्या ओहोळापर्यंत कसली, सगळं लिहिलेलं, खाली अंगठे उठवलेले. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा कायद्याने पुरावा आहे. तो दाव्याला जोडायचाच राहून गेला होता. जाताना ताईंनी मला सांगितलं होतं, "हे जोडून दे गं, राहिलंय." मी "हो" म्हटलं होतं. मला तेव्हा वाटलं, कसला तरी जास्तीचा कागद असेल.

म्हणजे ही चूक ताईंची नाही, माझी आहे. मी बारावी झालेली. दोन वर्षं त्याच ऑफिसात बसले. स्टेन्सिल कापले, रोलर फिरवला, झेरॉक्स आणल्या, चहा केला. पण पिशवीत काय आहे ते कधी उघडून वाचलं नाही. ताई आहेत ना, त्या बघतील. असं म्हणणारी मी एकटी नव्हते, सगळी संघटना तेच म्हणत होती.

अकरा घरांच्या जमिनीवर त्यामुळे आज टांगती तलवार आहे. म्हणून हा विषय काढला.

बैठकीत दोन बोलणी ऐकू येतात. एक म्हणतं, "शहरातली पोरं अशीच. येतात, शिकतात, फोटो काढतात नि जातात." दुसरं म्हणतं, "पुन्हा एखादी ताई बघा कुठून मिळते का." एक रागाचं बोलणं, एक लाचारीचं. मला दोन्ही पटत नाहीत.

रागाचं आधी घेऊ. ताईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, दोन वर्षांसाठी आले आहे. त्यांच्या घरी आजारी आई, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. त्या काही फसवून गेल्या नाहीत. आपणच त्या जन्मभर राहतील असं धरून चाललो. वाडीत भांडण झालं, ताईंना बोलवा. रेशनकार्ड अडलं, ताईंना सांगा. रात्री बारा वाजता बाळंतीण अडली तरी ताईंचाच फोन. एका माणसावर एवढं ओझं टाकलं तर दोन वर्षंही तो टिकला हेच नवल.

आता लाचारीचं. पुन्हा एक ताई आली, पुन्हा तिने एक पिशवी भरली आणि पुन्हा ती गेली, तर आपण तिथेच राहणार. ताई मिळेल की नाही हा पहिला प्रश्नच नव्हे. ताईंजवळचं शिक्षण वाडीत कसं उतरेल आणि उतरलं तर वाडीतच कसं राहील, हा प्रश्न आहे.

शिकलेल्या माणसाची गरज नाही असं म्हणू नका. पूर्वी मोर्चा निघाला, घेराव घातला, की साहेब खाली उतरायचा. मोर्चा आजही लागतोच. पण २००६ च्या कायद्याने आणि २००८ च्या नियमांनी लढाईचं निम्मं मैदान कागदावर नेलं आहे. गावाने दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती करायची, त्यात एक तृतीयांश बायका. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात होती हे दाखवायचं. निदान दोन पुरावे जोडायचे. दळीची नोंद वन खात्याच्या जुन्या दप्तरात एकाच म्होरक्याच्या नावावर असेल तर बाकीच्या घरांचा हिस्सा कसा, ते वंशावळ लिहून मांडायचं. चार हेक्टरपर्यंत जेवढं प्रत्यक्ष कसतो तेवढं मिळतं, म्हणून मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहायचं आणि यंत्राने काय आकडा दाखवला तो आपल्या वहीत उतरवायचा. हे एकेकाच्या जमिनीचं झालं. गावाच्या सामूहिक हक्काचा दावा वेगळाच: मोळी, मध, कंद, बांबू, गुरचरण, ओढ्यातली मासळी, देवाची जागा. हा दावा आपल्याकडे फारच थोड्या वाड्यांनी भरला आहे. का? लिहायला बसायला कुणी नाही म्हणून.

आणखी एक गोष्ट. ठाणे, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांत आदिवासींचे जे भाग आहेत ते घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहेत. तिथे पेसा कायदा लागतो, ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. आपल्या रायगड जिल्ह्यातली एकही वाडी अनुसूचित क्षेत्रात नाही. आदिवासींचं प्रकल्प कार्यालय आहे ते पेणला. पोलादपूरच्या कड्याखालच्या वाडीला किंवा श्रीवर्धनच्या खाडीकाठच्या वाडीला तिथे जायचं तर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं घालवावं लागतं. आपल्या वाड्या तीस-चाळीस घरांच्या, मोठ्या गावाच्या कडेला चिकटलेल्या. ग्रामसभा मोठ्या गावात भरते, तिथे आपलं माणूस दाराजवळ उभं. कातकरी म्हटलं की सरकारी भाषेत 'आदिम जमात', महाराष्ट्रात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. नाव मोठं, पण त्या नावाने दारात माणूस येत नाही. म्हणून आपल्याला आपलीच कामाची माणसं लागतात, आणि इतरांपेक्षा जास्त लागतात.

आता बाहेरच्या जगात हे कोडं कुणी सोडवलं का ते बघू.

३१ ऑगस्ट २००९ ला फिलिपाइन्स देशात मनिला शहरात दीप जोशी नावाच्या माणसाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उत्तराखंडच्या डोंगरात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस अमेरिकेत मोठं शिक्षण घेऊन परत आला आणि १९८३ साली सोबत्यांबरोबर त्याने 'प्रदान' ही संस्था काढली. त्याचं म्हणणं साधं आहे. गरिबांच्या कामाला नुसती दया पुरत नाही, डोकंही लागतं. कारखान्याला जशी हुशार पोरं लागतात तशीच खेड्यालाही लागतात. म्हणून ही संस्था कॉलेजात जाऊन पोरं निवडते. पण लगेच साहेब करत नाही. वर्षभर उमेदवारी. गावात राहायचं, लोकांच्या घरात जेवायचं, बघायचं, आणि वर्षाच्या शेवटी हे काम झेपणार की नाही ते स्वतःशी ठरवायचं. काही राहतात, काही जातात. जाणाऱ्याला कुणी शिव्या देत नाही.

या दीप जोशींना हे सुचलं कुठे? आपल्याच महाराष्ट्रात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला. तिथे डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या नवरा-बायकोने १९७० साली काम सुरू केलं. दोघंही मोठे शिकलेले डॉक्टर. पण त्यांनी काय केलं? प्रत्येक खेड्याला त्यांची एक बाई निवडायला सांगितली. त्यातल्या कितीतरी दलित, कितीतरी जणींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांना जामखेडला बोलावून शिकवलं: बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला काय द्यायचं, डॉक्टरकडे कधी न्यायचं. शिकून बाई आपल्या घरी परत. डॉक्टर जामखेडला, पण डॉक्टरचं शिक्षण खेड्यात, ते एका बाईच्या घरात. ती बाई बदली मागत नाही, राजीनामा देत नाही. तिचं घरच तिथे आहे.

गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग १९८६ साली गेले. त्यांनी गावातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' केलं. जन्मलेल्या बाळाला श्वास घ्यायला मदत करणं, त्याला उबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं हे त्या बायका झोपडीत करू लागल्या. त्या गावांत महिन्याच्या आतल्या बाळांचं मरण निम्म्याहून जास्त कमी झालं. १९९९ साली जगातल्या मोठ्या डॉक्टरी नियतकालिकात ते छापून आलं. शिकलेल्या तरुणांना अशा कामाकडे वळवायला त्यांनी २००६ पासून 'निर्माण' नावाची शिबिरंही सुरू केली आहेत. म्हणजे बाहेरची पोरंही हवीत आणि गावची बाईही. पण रात्री अडीच वाजता बाळाजवळ कोण असतं? गावची बाई.

आता जंगलाचं उदाहरण. गडचिरोलीतल्या मेंढा गावाला २००९ च्या ऑगस्टात त्यांच्या सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. तिथे गावचा माणूस आहे देवाजी तोफा आणि बाहेरून आलेला सोबती होता मोहन हिराबाई हिरालाल. मोहनभाऊ जयप्रकाशांच्या चळवळीतून घडलेले. त्यांनी गावाचा पुढारी व्हायचं नाही असं ठरवलं. गावात अभ्यास गट. कायदा काय, जंगल किती, मध काढताना पोळं कसं वाचवायचं, सगळं बसून शिकायचं. अभ्यास गटात बाहेरचा बसू शकतो, बोलू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सगळ्यांचं एकमत होईपर्यंत. म्हणून मोहनभाऊ त्या गावात नसले तरी कागद वाचणारी माणसं गावात आहेत.

आपले काही जण म्हणतील, "ते गडचिरोलीचं. तिथे जंगल अफाट, गाव एका जमातीचं. आपल्याकडे एका अंगाला कंपन्या, दुसऱ्या अंगाला बंगले." खरं आहे. आपलं जंगल थोडं आहे. थोडं आहे म्हणूनच प्रत्येक गुंठ्याचा कागद लागतो.

आता आपल्या पोरांकडे बघू. आश्रमशाळेतून दहावी-बारावी झालेली आपली मुलं कुठे आहेत? मी माझ्यासोबत बारावीला बसलेल्यांची नावं एकदा लिहून काढली. एक उरणला गोदामात माल चढवतो. दोघं कारखान्यात ठेकेदाराकडे, कार्ड नाही, फंड नाही. एक अलिबागकडे बंगल्यावर वॉचमन आहे. ज्या बंगल्याची तो राखण करतो ती जागा त्याच्या आजाने कसलेली आहे, हे मालकाला माहीत नाही, त्याला माहीत आहे. एकीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर भट्टीवर. एक अंगणवाडीत मदतनीस. आणि एक मी.

यातला कुणी गद्दार नाही. वॉचमन झालेला तो पोरगा तीन वर्षांपूर्वी आपल्या प्रत्येक मोर्च्यात पुढे असायचा. घोषणा त्याच्यासारखी कुणाला देता येत नव्हती. त्याच्या बापाने भट्टीवाल्याकडून उचल घेतली, बहिणीच्या लग्नाला. उचल फिटेना. पोरगा आपल्या सेक्रेटरीकडे आला नि म्हणाला, "दादा, मला महिन्याला काही बांधून द्या, मी संघटनेतच राहतो." आपण त्याला काय सांगितलं? त्याग करावा लागतो. तो मान खाली घालून गेला. पुढच्या महिन्यात त्याने शिट्टी नि दांडका घेतला.

त्याला त्याग शिकवला, पण बाहेरून आलेल्या ताईंना कुठली तरी फेलोशिप होती. त्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे यायचे आणि ते यायलाच हवे होते, त्यांचं पोट आहे. मग वाडीच्या पोराला पोट नाही का? मला दोन हजार मानधन ठरलं आहे, तेही तीन-तीन महिने तुंबतं. मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पदाधिकाऱ्यांच्या खिशालाही भोकंच आहेत हे मला ठाऊक आहे. पण हिशेब सरळ आहे. ज्याला दुसरीकडे जाता येतं त्याला आपण पैसे मिळवून दिले आणि ज्याला इथेच राहायचं आहे त्याला फुकट राबवलं. मग राहणारा पण गेला.

पोरींचं तर वेगळंच. मला कामावर घेताना एक काका म्हणाले होते, "पोरगी हाय, उद्या लग्न होऊन जाईल, शिकवून काय उपेग?" काका, पोरगी लग्न होऊन जाते कुठे? दुसऱ्या वाडीतच ना? रोह्याची पोरगी सुधागडात दिली, तर सुधागडातल्या वाडीला सातबारा वाचणारी सून मिळाली. तुमचं नुकसान कुठे झालं? उलट एक वाडी वाढली. मात्र सासरी तिला बैठकीला जाऊ द्यायचं, एवढं आपण जमातीत ठरवलं पाहिजे.

म्हाताऱ्या कार्यकर्त्यांचा एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, "चळवळीत पगार शिरला की चळवळ संपली. नाग्या कातकरी काय मानधन घेऊन गेला होता?" नाही, गेला नव्हता. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात, अक्कादेवीच्या डोंगरावर, नाग्या महादू कातकरी गोळीला सामोरा गेला तो कुणी पैसे दिले म्हणून नव्हे. त्याचं नाव घेताना आजही आपली छाती भरून येते. पण आजोबा, छातीवर गोळी घेण्याचा दिवस एखादाच येतो. तलाठ्याकडे खेटे घालण्याचे दिवस वर्षाचे तीनशे असतात. त्या तीनशे दिवसांत कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटली पाहिजे.

पैशाची भीती मात्र खरी आहे. पैसा देतो त्याचं ऐकावं लागतं. बाहेरच्या संस्थेने दिला तर तिचा प्रकल्प संपला की काम संपतं. पुढाऱ्याने दिला तर निवडणुकीत तोंड बंद. म्हणून माझं म्हणणं आहे की कार्यकर्त्याचं मानधन वाड्यांनी द्यावं. मग तो वाड्यांचं ऐकेल.

गणित करू. आपल्या साठ वाड्या. वाडीला सरासरी तीस घरं धरा. झाली अठराशे घरं. घरामागे महिन्याला दहा रुपये धरले तर अठरा हजार रुपये. तीन हजारप्रमाणे सहा कार्यकर्ते. निम्म्या घरांनीच दिले तरी तीन.  भट्टीच्या दिवसांत वसुली होणार नाही, हे मलाही कळतं. मग वर्षाचे एकशेवीस दोन हप्त्यांत घ्या, एक भात झोडल्यावर, एक भट्टीवरून परत आल्यावर. पैसे नसतील तिथे तांदूळ, नाचणी घ्या. पावती मात्र प्रत्येकाला, आणि हिशेब या अंकात छापायचा. छापायचं काम माझं.

येत्या २५ तारखेला आपण चिरनेरला अभिवादनाला जाऊच. त्यानंतर सगळ्या वाड्यांची जी बैठक आहे त्यात पुढच्या गोष्टी ठरवाव्यात असं मी मांडते.

पहिली. कुठल्याही वाडीचा एकही कागद फक्त ऑफिसात राहणार नाही. प्रत्येक वाडीत एक पत्र्याची पेटी. तिच्यात दाव्याच्या, पुराव्याच्या, नोटिशीच्या झेरॉक्स. पेटीत एक वही, वहीत तारखा: पत्र कधी आलं, उत्तर कधीपर्यंत द्यायचं. वाडी भट्टीवर गेली तर पेटी कुणाकडे आणि ग्रामपंचायतीत पत्र विचारायला कोण जाणार, हे निघायच्या आधी ठरवायचं.

दुसरी. बाहेरून शिकलेली मुलं-मुली आली तर त्यांचं स्वागत. पण पहिला महिना त्यांनी नुसतं वाडीत राहायचं, कुणाचा फॉर्म भरायचा नाही. त्यानंतर प्रत्येकाबरोबर वाडीतली दोन माणसं, त्यातली एक बाई. दावा लिहील तो वाडीतला, चुका दाखवील तो बाहेरचा. जाण्याआधीचे तीन महिने नवीन काम हातात घ्यायचं नाही, असलेलं सोपवायचं. ते तोंडी सोपवलेलं चालणार नाही. कागद समोर ठेवून, एकेक वाचून, सही करून. मी तोंडी "हो" म्हटल्याने काय झालं ते वर लिहिलंच आहे.

तिसरी. अटी त्यांना तशा आपल्यालाही. पोरीला राहायला कडीचं दार असलेली खोली, संडास-मोरीची सोय. आठवड्यातला एक दिवस तिचा, त्या दिवशी फोन करायचा नाही. भांडणं सोडवायला आपले पंच आहेत. 'मॅडम' म्हणायचं नाही आणि देवीही करायची नाही. तिला यायला-राहायला सोपं झालं तर दोनाची तीन वर्षं ती आपणहून करील.

चौथी. महिन्यातून दोन दिवस शिकायचे. सातबारा वाचणं, दळीची नोंद वाचणं, अर्ज लिहिणं, नोटिशीतली तारीख शोधणं, मोजणीचा नकाशा समजणं, रोजगार हमीचं मस्टर तपासणं, प्रांतासमोर न अडखळता बोलणं. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही यातलं निम्मं शिकता येतं, जामखेडच्या बायकांनी ते दाखवून दिलंय. परीक्षा एकच: वाडीत जाऊन दुसऱ्या कुणाला शिकवता आलं पाहिजे.

पाचवी. काम सोडणं हे पाप मानायचं नाही. पण तीन महिने आधी सांगायचं आणि आपल्या जागी एक माणूस तयार करून जायचं. वॉचमन झालेल्या पोरालाही बोलवा. त्याची रात्रपाळी असते, दिवसा दोन तास तो आजही देईल. त्याला फक्त कुणी विचारलेलं नाही.

आता त्या अकरा घरांचं. जूनमध्ये आम्ही अपील दिलं. उशीर का झाला ते खरंखरं लिहिलं की माणसं पोटासाठी बाहेर होती, पत्र हातात पडलंच नाही. चारही जबाब जोडले. ताईंना फोन केला होता. त्यांनी काय-काय लागेल ते सांगितलं, पण लिहून पाठवलं नाही. म्हणाल्या, "तुम्हीच लिहा, मी ऐकते." तीन रात्री कंदिलावर बसलो. शेवटचा कागद लिहिला तो त्या वाडीतल्या दहावी नापास पोराने. अक्षर वाकडंतिकडं, पण गट नंबर एकही चुकला नाही. जबाब देणाऱ्या चौघांतला एक म्हातारा श्रावणात वारला. त्याचा अंगठा आता कागदावरच आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. निकाल काय लागेल ते मला सांगता येत नाही. उशीर झाला म्हणून फेटाळलं तर पुढे कुठे जायचं याचा अभ्यास सुरू केला आहे.

माझंही सांगते, म्हणजे लपवलं असं होणार नाही. आई रोज म्हणते, "कुठंतरी पगाराला लाग नायतर लगीन कर, या कागदांनी पोट भरत नाय." तिचं चुकत नाही. ती चाळीस वर्षं डोक्यावर मोळी वाहत आली आहे, तिला माझ्या डोक्यावर काहीतरी पक्कं छप्पर हवंय. एका दवाखान्यात कामाला बोलावलं आहे, चार हजार देतात. मी त्यांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा म्हटलं आहे, ते थांबतील असं वाटत नाही. एक वर्ष मी इथे आहे हे नक्की. या वर्षात त्या दहावी नापास पोराला आणि शेजारच्या वाडीतल्या एका सुनेला मला जे येतं ते सगळं द्यायचं आहे. त्यापुढे मी राहायचं की नाही हे माझ्या एकटीच्या हातात नाही, अठराशे घरांच्या दहा-दहा रुपयांच्याही हातात आहे.

खाकी पिशवी आता ऑफिसात नाही. ती त्या वाडीत दिली आहे. पत्र्याची पेटी येईपर्यंत कागद तिच्यातच आहेत.

बैठकीला प्रत्येक वाडीतून दोन माणसं यावीत, त्यातली एक बाई. येताना आपल्या वाडीत शिकलेली पोरं किती, कुठे आहेत, त्यांची नावं लिहून आणा. लिहिणारं कुणी नसेल तर तोंडी सांगा, मी लिहून घेईन. पण पुढच्या वेळी लिहून आणायचं.

जिंदाबाद!